दत्तूकाका फ्रिज घेतात

दत्तूकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं नाव विचारण्याआधी माझं कपाट मोजलं.

शाळेत बदली होऊन मी रोह्याला आले होते. टेम्पोतून सामान उतरत होतं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरून एक सडसडीत गृहस्थ खाली आले. पट्ट्याला अडकवलेली टेप त्यांनी सर्रकन ओढली, कपाटाची रुंदी घेतली, जिन्याच्या वळणाची घेतली आणि म्हणाले, "बाय, कपाट आडवं नाय चढणार. उभं घ्यायला सांग."

हमालांनी ऐकलं नाही. कपाट वळणावर जे रुतलं ते अर्धा तास हललं नाही. मी वर, सामान खाली, मध्ये कपाट. काका खालच्या पायरीवर निवांत बसून होते. शेवटी हमालच त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा ते उठले. "अंदाजाने काम केलं ना, की असं व्हतं," एवढंच म्हणाले आणि दहा मिनिटांत कपाट माझ्या दारात उभं करून दिलं.

दत्ताराम ठाकूर हे त्यांचं पूर्ण नाव. गाव पेणजवळचं, खाडीकाठचं. धाटावला एका केमिकल कंपनीत त्यांनी उभा जन्म फिटर म्हणून काढला. नोकरी संपली, टेप राहिली. बाजारात पडवळ घेतलं तरी ते मोजून घेत. "लांब बघून दे" असं भाजीवालीला सांगणं त्यांना पटत नसे. एकदा डॉक्टर म्हणाले, "रोज थोडं चालत जा." काकांनी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" डॉक्टर हसले. काका हसले नाहीत. आकडा घेतल्याशिवाय ते खुर्चीवरून उठलेच नाहीत, असं बाहेर थांबलेल्या पेशंटांनी मला सांगितलं.

त्यांची बायको सुनंदाकाकू म्हणजे बरोबर उलटं प्रकरण. मीठ चिमटीने, तांदूळ मुठीने, आणि वेळ विचारली तर "ऊन ओट्यावर आलंय" हे उत्तर. काका टेप घेऊन स्वयंपाकघरात शिरले की त्या म्हणत, "आता काय माझं नाक मोजताय?"

तर या घरातला फ्रिज बंद पडला. जुना होता, कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीवाल्याने हात जोडले. उन्हाळा तोंडावर होता. काकूंचं दूध, दही आणि भिजवलेल्या वालाचं पातेलं माझ्या फ्रिजमध्ये मुक्कामाला आलं. दिवसातून चार वेळा त्या ये-जा करायच्या. मला त्रास नव्हता, उलट वालाच्या बिरड्याची वाटी मिळायची. पण पंधरा दिवस झाले, महिना झाला, नवा फ्रिज काही येईना.

"काका, फ्रिज कधी घेताय?" मी विचारलं.

"घेणार. पण अंदाजाने नाय."

पुढच्याच रविवारी त्यांनी बाजारातून मोठाले पुठ्ठ्याचे खोके आणले आणि दोन दिवस खपून एक फ्रिज तयार केला. पुठ्ठ्याचा. पण दार उघडायचं, आत लाकडी पट्ट्यांवर कप्पे होते आणि ते वरखाली सरकवता येत होते. दाराला जुन्या फ्रिजचं हँडल लावलेलं. मग हा फ्रिज खाली नेऊन आम्ही दोघांनी तो परत जिन्याने वर आणला. पुढून ते, मागून मी. का, तर वळणावर खरा फ्रिज कसा फिरेल ते बघायचं होतं. पुठ्ठ्याचा फ्रिज उचलायला फार तर दोन बोटं पुरतात, पण काका वळणावर थांबून "दमाने, दमाने" करत होते. तळमजल्यावरच्या बाईंनी दार उघडून पाहिलं आणि "अभिनंदन, पेढे कधी?" म्हणाल्या. काका म्हणाले, "हा नाय, खरा आला की."

तो पुठ्ठ्याचा फ्रिज पंधरा दिवस स्वयंपाकघरात उभा होता. काकूंना त्यात डबे ठेवावे लागत. दूध माझ्याकडच्या खऱ्या फ्रिजमध्ये आणि बिस्किटं, कांदे, चहासाखर या खोट्या फ्रिजमध्ये. काका समोर खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे आणि रोज सकाळी कप्पे इकडचे तिकडे करून ठेवायचे. काकू माझ्याकडे येऊन म्हणायच्या, "माणूस निवृत्त झाला की देवळात जातो. आमचा खोक्यात गेलाय गो."

मग दुकानांच्या फेऱ्या सुरू झाल्या. रोह्यातल्या दुकानात ते टेपबरोबर कोळणींकडे असतो तसला स्प्रिंगकाटा घेऊन गेले. काट्याचा हूक फ्रिजच्या हँडलला अडकवायचा, दार उघडेपर्यंत ओढायचं आणि काटा किती किलो दाखवतो ते वहीत लिहायचं. दुकानात होते नव्हते तेवढे सगळे फ्रिज त्यांनी असे वजन केल्यासारखे ओढून पाहिले. मालकाने आधी खुर्ची दिली, मग चहा दिला आणि तिसऱ्या दिवशी काका पुन्हा दारात दिसल्यावर "काका, पेणला मोठं शोरूम आहे, तिथे भरपूर माल आहे" असा प्रेमाने सल्ला दिला.

पेणला जाताना त्यांनी मला बरोबर घेतलं. "शाळेला सुट्टी हाय ना? चल. तू लिही, मी मोजतो." आम्ही सकाळच्या एस्टीने गेलो. शोरूममध्ये फ्रिजच्या दोन लांबलचक रांगा होत्या. सेल्समन तरुण आणि उत्साही होता. त्याने आम्हाला थेट दोन दारांच्या फ्रिजकडे नेलं.

"काका, हा बघा. वर फ्रीजर, पाच-साडेपाच फूट उंची, घराला शोभा येते."

"वरची फळी जमिनीपासून किती?"

सेल्समनने लिटर सांगितले. काकांनी लिटर ऐकले नाहीत, टेप लावली. "नको."

"घरात माणसं किती आहेत, काका?"

"दोन. तीन फूट दहा इंचाच्या वर काय नको."

सेल्समन माझ्याकडे बघायला लागला. मी वहीत बघितलं. मग सुरू झाली माझी खरी ड्यूटी. काकांनी मला एका बुटक्या, एक दाराच्या फ्रिजसमोर उभं केलं. "तू सुनंदाच्या उंचीची हायस. आता दार उघड. बर्फाचा ट्रे काढ. हात खांद्याच्या वर न्यायचा नाय."

मी काढला.

"आता यातून. खांद्याच्या वर गेला हात. परत."

शोरूममध्ये गिऱ्हाइकं होती. एक नवं जोडपं आपलं फ्रिज घेणं सोडून आमच्याकडे बघत उभं राहिलं होतं. मी शाळेत चाळीस मुलांना कवायत शिकवते, पण एवढी कवायत मी स्वतः कधी केली नव्हती. दहाव्या की अकराव्या फ्रिजला काकांनी स्प्रिंगकाटा लावला, आकडा पाहिला, पुन्हा लावला आणि मान हलवली. "हा."

तो शोरूममधला सगळ्यात साधा फ्रिज होता. एक दार, फिकट निळा, मागच्या कोपऱ्यात उभा. सेल्समन हिरमुसला. "बरं, खाली स्टँड देतो, त्यात कांदेबटाटे राहतात."

"नको. स्टँडने चार इंच वर जाईल."

परतीच्या एस्टीत मी थोडी वैतागलेलीच होते. वडखळच्या पुढे गाडी ट्रॅफिकमध्ये थांबली तेव्हा मी विचारून टाकलं, "काका, जुना फ्रिज यापेक्षा उंच होता. मग हा एवढा बुटका कशाला? आणि ते तीन फूट दहा इंच कुठून आलं?"

  काका खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गेल्या पावसाळ्यात साखरेचा डबा खालच्या फळीवर आला. मग चहाचा आला. मग डाळी. मी म्हटलं, बदलत असेल. मग सुनंदाने अंबाडा घालायचा सोडला. वेणी घालते, ती पण पुढं घेऊन. विचारलं तर म्हणते, मानेला उकडतं."

गाडी जरा पुढे सरकली आणि परत थांबली.

"उजवा खांदा धरलाय तिचा. मीच डॉक्टरकडे नेली. त्यांनी व्यायाम दिलाय, पण करताना मला कधी दिसत नाय. मी काय बोललो तर म्हणते, माझ्या हाताला काय धाड भरलीय? म्हणून मग तो पुठ्ठ्याचा केला. कप्पे वरखाली करून बघत होतो. तीन फूट दहा इंचापर्यंत तिचं तोंड वाकडं होत नाय. त्याच्या वर गेलं की होतं. बोलत नाय, पण होतं."

"आणि तो काटा?"

"जोरात ओढायला लागलं की दुखतं तिला."

मी वही मिटली.  काकूंना यातलं काही सांगायचं नाही, एवढं त्यांनी उतरताना बजावलं.

फ्रिज आला तो दिवस मात्र बघण्यासारखा होता. वाटेत कुणी तो आडवा करू नये म्हणून काका पहाटेच पेणला गेले आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला फ्रिजला मिठी मारून हायवेचे सगळे खड्डे खात उभ्याने आले. वळणावर फ्रिज अलगद फिरला, हमालांचा हातसुद्धा भिंतीला घासला नाही. मागे हाताची वीत मावेल एवढी जागा सोडली. पाणसळ ठेवून चारही पाय समपातळीत येईपर्यंत त्यांनी एकेक पाय फिरवला. थोडा वेळ थांबून मग चालू करा, असं दुकानवाल्याने सांगितलं होतं. थोडा म्हणजे किती, हे काकांनी अर्थात विचारून घेतलं होतं, आणि वर स्वतःचा एक तास घातला. तेवढा वेळ काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन ताटकळल्या. फ्रिज बघून त्या म्हणाल्या, "एवढे दिवस मोजून हा ठेंगू आणलात?" काका म्हणाले, "जागेला बसतो."

त्या उन्हाळ्यात काकूंचं पातेलं माझ्याकडे यायचं बंद झालं. बिरड्याची वाटी मात्र येत राहिली.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी मी ती रिकामी वाटी परत द्यायला गेले. दार उघडंच होतं. काका बाजारात गेले होते. काकू स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि उजवा हात सरळ वर ताणून सगळ्यात वरच्या फळीवरची परात पुसत होत्या. हात चांगला डोक्याच्या वर गेला होता. मी दारातच थबकले. त्यांनी वळून पाहिलं.

"बघितलंस का," त्या म्हणाल्या. "ये, बस."

"काकू, खांदा?"

"बरा झाला. गणपतीपासूनच जातो वर. डॉक्टरने सांगितलेलं ना, भिंतीवरून बोटं चालवत वर न्यायची. हे दुपारी बाहेर गेले की करायची मी. यांच्यासमोर केलं असतं तर बोटं किती वर गेली ते रोज मोजलं असतं."

"मग काकांना सांगितलं नाहीत?"

काकूंनी परात उतरवून खाली ठेवली आणि फडकं पिळलं. "खोक्यात कप्पे फिरवत होते, तेव्हाच समजलं होतं मला. मी काय येडी हाय? पेपर उलटा असायचा हातात." त्यांनी फ्रिजकडे मान वळवली. "आता फ्रिज उघडला ना, की हे तिकडून बघतात. मला दुखलं नाय असं दिसलं की मग परत वाचायला लागतात. एवढं कोणी बघितलं नव्हतं गो माझ्याकडे. लग्नात पण नाय. राहू दे थोडे दिवस."

जिन्यात चपला वाजल्या. काकूंनी फडकं ओट्यावर टाकलं, उजवा हात पदराखाली घेतला आणि बाहेर आवाज दिला, "अहो, तेवढा वरचा मसाल्याचा डबा काढून द्या."

काका पिशवी हातातच ठेवून आत आले. "तू नको हात लावू. मी हाय ना," म्हणाले आणि स्टूल ओढून वर चढले.

काकूंनी डावा हात पुढे केला आणि डबा घेतला.