परराज्यातला ताप

काखेत थर्मामीटर.

कागलच्या डॉक्टरांचा जांभळा शिक्का.

पाच किलो पेढे.

"आक्का, खाली बस गं, पडशील!"

हे सगळं एकाच बैठकीच्या इतिवृत्तात नोंदलेलं आहे. बैठक कर्नाटकात, निपाणीजवळच्या आमच्या नट-बोल्टच्या कारखान्यात झाली. विषय: पॅकिंगमधल्या अक्काताईचा सोमवारचा ताप. तो ग्राह्य धरला तर आठ वर्षांच्या हंगामी नोकरीनंतर अक्काताई कायम होणार. नाही धरला तर ती विनापरवाना गैरहजेरी, आणि कायम होणाऱ्यांच्या यादीतून नाव कट.

व्यवस्थापनातर्फे केतकी मॅडम म्हणाल्या, "सर्टिफिकेट कागलचं आहे. कागल महाराष्ट्रात येतं. म्हणजे हा ताप परराज्यातला आहे."

संघटनेचे अध्यक्ष जिनपाल अण्णा उसळले. "मॅडम, ताप हितंच आलता! निपाणीत! फकस्त तपासाय तिकडं गेलता!"

"मग राज्य सोडताना किती होता, याची नोंद?"

नोंद नव्हती. तासभर भांडून अण्णांनी हक्क मिळवला: यापुढे आजारी कामगाराने हद्दीवर जाताना एकदा आणि येताना एकदा ताप मोजून घ्यावा. टाळ्या.

मग मॅडमनी कार्यक्षमतेचा मुद्दा काढला. कामाला टार्गेट आहे, तसं आजारालाही हवं. किमान एकशे तीन.

"अन्याय!" अण्णांनी टेबलावर हात आपटला. "एकशे एकच्या वर एक पॉइंट न्हाय!"

एकशे एकवर सह्या झाल्या. मॅडमना आजाराची पूर्वसूचना तीन दिवस आधी हवी होती, ती अण्णांनी दोन दिवसांवर आणली. लगेच पेढे मागवले.

पेढे वाटताना अक्काताई उभी राहिली. "अण्णा, मला आताबी ताप हाय."

आनंदाची लाट उसळली. जिवंत पुरावा! थर्मामीटर लावला. शंभर पॉइंट आठ.

"दोनच पॉइंट कमी की गं," अण्णा कळवळले. "जरा जोर लाव. संघटना तुझ्या पाठीशी हाय."

आम्ही तिला जिन्यावर फेऱ्या मारायला लावल्या. प्रत्येक फेरीला घोषणा: "कोण म्हणतो चढणार नाही? चढल्याशिवाय राहणार नाही!" सहाव्या फेरीला ती डुलायला लागली. आमच्यातला भावकू ओरडला, "आक्का, खाली बस गं, पडशील!" ती बसली. तिला दरदरून घाम फुटला.

पुन्हा थर्मामीटर. अठ्ठ्याण्णव.

"कामगार ठणठणीत आहे," मॅडमनी लिहून घेतलं. "व्यवस्थापन तिचं अभिनंदन करतं."

नाव कट. करार एकमताने मंजूर. उजव्या हातात पेढा होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी डावा हात वर केला.

गेल्या जत्रेच्या आठवड्यात आम्ही एकोणीस जण आजारी होतो. पॅकिंगची तिन्ही मशिनं अक्काताईनं एकटीनं चालवली.