‘बास!’ या अल्बममधली भरतीची गाणी

कुठल्याही चांगल्या गोष्टीत नको असलेला भाग असतोच, आणि तो नेमका कुठला हे एकट्यादुकट्याला ठरवता येत नाही. त्यासाठी मंडळ लागतं. मंडळाला अध्यक्ष लागतो, चिटणीस लागतो, रविवारी सकाळी बसायला खोली लागते आणि चहा करून देणारं कुणीतरी लागतं. यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी चष्मेवाल्याकडे होत्या (चिटणीस तो स्वतः, खोली त्याच्या दुकानामागची, घराला लागून, चहा करणारी त्याची बायको), म्हणून ‘बास!’ श्रोते मंडळ त्याच्या गळ्यात पडलं. गळ्यात पडलं असं तो चारचौघांत म्हणायचा. खरं म्हणजे रविवार उजाडला की स्वारी सगळ्यांच्या आधी आंघोळ करून तयार असायची.

‘बास!’बद्दल ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात (अशा लोकांशी मंडळ सहसा बोलत नाही): हा पंक संगीताच्या ऐन भरातला, चार तबकड्यांचा, आठ बाजूंचा, सत्तेचाळीस गाण्यांचा अल्बम. पंक म्हणजे गाणं दोन मिनिटांत संपवायचं आणि दम त्याच्या आधी. लांबलचक, पसरट, स्वतःवरच खूश असलेल्या संगीताला कंटाळून चार पोरांनी बँड काढला आणि तो कंटाळा आठ बाजूंवर सविस्तर मांडला. कंपनीने त्यांच्याकडे एकच तबकडी मागितली होती. कुणाचं ऐकायचं नाही हे तत्त्व असल्यामुळे त्यांनी चार दिल्या. (कंपनीने चार मागितल्या असत्या तर एकीवर भागलं असतं.) यात जिना चढतानाच्या धापांचं एक गाणं आहे. एक गाणं उलटं वाजवलेलं आहे, तेच पुढच्या बाजूवर सुलटं आहे, आणि दोन्हींत काय फरक आहे यावर मंडळाचा एक अख्खा पावसाळा गेला. सहाव्या बाजूवर बँड आपसात भांडतो. सातव्या बाजूवरही भांडतोच, पण तालात.

मंडळाने मागे एक पाहणी केली. तीत अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेले लोक निघाले शेकडा चार, आणि त्याच्याविषयी ठाम मत असलेले शेकडा ब्याण्णव. उरलेले चार बहुधा बँडमध्येच असावेत.

रसिकांचे दोन तट आहेत. अखंडवाल्यांचं म्हणणं असं की सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस गाणी हवीतच. त्यातली तीस टुकार आहेत हे त्यांनाही कबूल आहे, पण ती विचारपूर्वक टुकार आहेत. छाटणीवाल्यांचं म्हणणं असं की या चार तबकड्यांत एका तबकडीचा अप्रतिम अल्बम लपलाय, फक्त जागा भरायला घातलेली भरतीची गाणी उपटून टाकली पाहिजेत. कुठली उपटायची यावर मात्र जगातल्या कुठल्याही दोन छाटणीवाल्यांचं कधी जुळलेलं नाही. ते जुळवण्याचं अवघड काम आपल्या मंडळाने अंगावर घेतलं होतं, तेही कुणी सांगितलं नसताना.

अध्यक्ष होते भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांनी हयातभर नकाशावर काठी टेकवून ‘इथे काही पिकत नाही’ असं शिकवलं होतं, त्यामुळे नजर तयार होती. दुसरे दातांचे डॉक्टर. दुखो न दुखो, काढून टाकलेलं बरं, हे त्यांचं मत दातांपुरतं नव्हतं. तिसरी डॉक्टरांची मेहुणी, मंडळातली एकमेव अखंडवाली. ती दर रविवारी विरोधात मत देई आणि मग सगळ्यांचे कप विसळून ठेवी. चौथा विमा एजंट, त्याचं पुढे येईल. पाचवा आपला चष्मेवाला.

मंडळाला शास्त्रीय पद्धत दिली ती चष्मेवाल्याच्या धंद्याने. दुकानात गिऱ्हाईक खुर्चीवर बसलं की तो त्याच्या डोळ्यांवर चौकट चढवायचा, एक काच घालायचा, मग ती काढून दुसरी घालायचा, आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून विचारायचा, “आता बरं, की मगाशी बरं?” आयुष्य या एका प्रश्नावर चाललं होतं. एका रविवारी तिसऱ्या बाजूवरचं एक गाणं काही केल्या संपेना, तेव्हा त्याने गमतीने सुई उचलली आणि सवयीने विचारलं, “असताना बरं, की नसताना बरं?”

खोलीत गारवा आल्यासारखं झालं. चौघेही एकदम म्हणाले, “नसताना!” अखंडवाली मेहुणीसुद्धा म्हणाली, मग जीभ चावली.

तेव्हापासून हीच पद्धत. चिठ्ठी काढून येईल ते गाणं लावायचं, मध्येच सुई उचलायची, चिटणिसाने प्रश्न विचारायचा, मतं घ्यायची. तिच्या अचूकपणाबद्दल शंका नसावी, कारण तिने आजवर एकाही गाण्याला जीवदान दिलं नव्हतं. बघता बघता अठरा गाणी गेली. गेलेलं गाणं सदस्याने किंवा सदस्याच्या घरच्यांनी वाजवू नये, गाऊ नये, गुणगुणू नये, असा नियमही झाला. ‘घरच्यांनी’ हा शब्द डॉक्टरांच्या वडिलांसाठी घालावा लागला. ते बाद झालेलं उलटं गाणं दवाखान्यात बसून गुणगुणायचे आणि पेशंट विचारायचे. नियमाचा मसुदा चष्मेवाल्याचा. चांगला जमलाय म्हणून मास्तरांनी त्याची पाठ थोपटली होती.

आणि मग चिठ्ठीत आठव्या बाजूवरचं शेवटून दुसरं गाणं आलं.

हे छत्रीचं गाणं. ड्रमरची मावशी आपली विसरलेली छत्री शोधत स्टुडिओत आली, तिला कुणीतरी माइकसमोर उभं केलं, आणि तिने ‘माझी छत्री कुणी नेली’ एवढ्या एका ओळीवर पूर्ण गाणं निभावून नेलं. मावशींचा सूर ड्रमच्या पुढे पोचतो आणि तिथे कमरेवर हात ठेवून वाट बघतो. ‘नेली’वर तर तो असा घसरतो की ऐकणारा स्वतःला सावरतो. अखंडवालेसुद्धा या गाण्याचा विषय निघाला की पाणी प्यायला उठतात. चष्मेवाल्यालाही ते भिकारच वाटायचं.

पण त्याची बायको ते गुणगुणायची. तिला अल्बमचं काही कौतुक नव्हतं. ती त्याला ‘तुमचं ते भांडण’ म्हणायची. इतके रविवार भिंतीपलीकडे चहा करता करता तेवढी एक ओळ तिच्या तोंडात बसली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. मन थाऱ्यावर असलं की छत्री सुरू. कपडे वाळत घालताना छत्री, नावडता पाहुणा गेल्यावर छत्री, आणि ‘नेली’वर मावशींसारखीच घसरगुंडी. दुकान बंद करून चष्मेवाला घराच्या दारात आला की आधी कान द्यायचा. छत्री ऐकू आली की बिनधास्त आत. नाही आली की चपला सावकाश काढायच्या आणि आपलं काय चुकलं ते आठवायचं. त्याचा बायकोवर फार जीव होता. हे तिला एकदा सांगायचं होतं, पण लग्नाच्या सुरुवातीला लाज वाटली आणि नंतर ती विचारेल, “काय झालं? बरं नाही का?” या भीतीने राहूनच गेलं.

आता छत्री बाद झाली तर नियमाप्रमाणे बायकोचं गुणगुणणंही बाद. चष्मेवाल्याला हे चालणारं नव्हतं. खरं कारण सांगायची सोय नव्हती. मंडळात घरगुती कारणं चालत नसत. (तो नियमही त्याचाच.) तेव्हा तो उभा राहिला आणि तोंडाला येईल ते बोलत सुटला. छत्री म्हणजे सत्ता. मावशी म्हणजे जनता. ‘कुणी नेली’ या प्रश्नाला पूर्ण गाण्यात उत्तर नाही, कारण ते प्रत्येकाला माहीत आहे. आणि ‘नेली’वर सूर घसरत नाही, मास्तर, जमीन घसरते! मेहुणीने डोळे पुसले. डॉक्टरांनी चष्मा काढून परत घातला.

“थांबा,” डॉक्टर म्हणाले. “एवढं सगळं बाकीच्या गाण्यांत आहे का?”

“छे! कुठलं?” चष्मेवाला जोशात बोलून गेला.

“मग बाकीची सगळी भरतीचीच की!”

तर्क बिनतोड होता. मास्तरांनी एकाच बैठकीत उरलेली अठ्ठावीस गाणी मोडीत काढली. अल्बममध्ये राहिली एकटी छत्री. पुढचा आठवडाभर चष्मेवाल्याचे पाय जमिनीला लागत नव्हते; एका गिऱ्हाइकाचा नंबर त्याने दोनदा चुकवला आणि दोन्ही वेळा हसला. रोज दारात उभं राहून तो छत्री ऐकायचा आणि मनात म्हणायचा, वाचवली बुवा.

रविवारी मास्तर म्हणाले, “एका गाण्याची तपासणी राहिली आहे. ते चांगलं आहे म्हणून त्याला वगळलं असं उद्या कुणी म्हणायला नको.”

मावशी गायल्या. चष्मेवाल्याने सुई उचलली. रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली, तीही लांब गेली. विचारायचं काम चिटणिसाचं. “असताना बरं,” त्याने घसा साफ केला, “की नसताना बरं?”

मास्तर म्हणाले, “नसताना.” डॉक्टर म्हणाले, “नसताना, आणि लवकर.” मेहुणीने खूप विचार केला. शांततेतून अजून कुणी काही काढलेलं नाही, म्हणजे आता तीच काय ती अखंड आहे, असं म्हणून तिने आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून बहुमताला मत दिलं: “नसताना.”

इथे विमा एजंटाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. तो गेली कित्येक वर्षं विम्याच्या धंद्यात होता. विमा दोन प्रकारचा असतो, माणसाचा आणि मालाचा, आणि मालाच्या विम्यात आग, पाणी, चोरी आणि इतर असे चार भाग पडतात. इतरमध्ये काय येतं हे पॉलिसीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि ते वाचणारा माणूस त्याला अजून भेटायचा होता. मंडळात तो सहसा तटस्थ राहायचा, म्हणजे बिस्किटं खायचा. एकदा हप्त्यासाठी तो चष्मेवाल्याच्या घरी गेला होता, तेव्हा आतून बायकोचं गुणगुणणं ऐकून बेल न वाजवता तसाच दाराबाहेर थांबला होता. त्याचं स्वतःचं घर कधीचंच गप्प झालेलं होतं. त्याने चष्मेवाल्याकडे पाहिलं आणि बिस्किट खाली ठेवून म्हणाला, “असताना.” त्याचा ब्रीफकेसवाला हात जरा आखडलेला असायचा, पण त्याचा इथे संबंध नाही.

“असताना,” चष्मेवाला म्हणाला. तीन विरुद्ध दोन. छत्री गेली.

नेमकी तेव्हाच बायको चहाचा ट्रे घेऊन आत आली, आणि गुणगुणत आली. ‘नेली’वर नेहमीसारखी घसरली. कुणी कपाला हात लावेना. मास्तरांनी चष्मेवाल्याकडे पाहून फक्त एवढंच म्हटलं, “चिटणीस.”

“अगं,” चष्मेवाला म्हणाला, “ते जरा… ते गुणगुणतेस ना, ते आता नियमात बसत नाही.”

“मी? मी कुठे काय गुणगुणत होते?”

“छत्रीचं.”

ती क्षणभर आठवत उभी राहिली. मग तिला ते स्वतःलाच ऐकू आलं असावं, कारण ती कानापर्यंत लाल झाली. “बरं,” ती म्हणाली आणि ट्रे ठेवून गेली. घरच्या माणसालाही सूट न दिल्याबद्दल मास्तरांनी चिटणिसाचं जाहीर अभिनंदन केलं.

‘बास!’ आज एकही भरतीचं गाणं नसलेला जगातला एकमेव अल्बम आहे. त्याचं रिकामं कव्हर खोलीत लावलंय. मंडळ अजूनही दर रविवारी जमतं आणि तो ऐकतं. त्याचा उत्तरार्ध जरा रेंगाळतो, असं डॉक्टरांचं अलीकडे मत पडू लागलंय.

चष्मेवाल्याचं घर आता अगदी स्वच्छ ऐकू येतं. बायको रुसलेली वगैरे नाही. जेवायला वाढते, बोलते, हसतेसुद्धा. पण आपण गुणगुणतो हे एकदा कळल्यावर माणसाला ते जमत नाही. तो दारात उभा राहतो, कान देतो, काहीच कळत नाही, आणि रोज चपला सावकाश काढतो. परवा न राहवून त्याने तिला म्हटलं, “अगं, ते छत्रीचं म्हण ना.”

“अहो, नियम?”

“घाल चुलीत.”

तिने पदराशी चाळा केला, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणून दाखवलं. अगदी सुरात. ‘नेली’वर तसूभरही घसरली नाही.

“हे बरं,” तिने विचारलं, “की मगाशी बरं होतं?” दुकानातला हा प्रश्न तिनेही आयुष्यभर भिंतीपलीकडून ऐकला होता.

“मगाशी,” चष्मेवाला म्हणाला. मगाशीची काच दुकानात पेटीतच असते, काढून परत घालता येते. त्याचा हात उगाचच ती काच शोधत टेबलावर फिरला.

ही हकीकत मंडळापुढे वाचून दाखवली तेव्हा शेवटचा बायकोचा भाग अल्बमविषयी नसल्यामुळे तो काढावा, अशी सूचना मास्तरांनी केली. निर्णय वाचकांवर सोपवला आहे. असताना बरं, की नसताना बरं? सावकाश सांगा, घाई नाही. फक्त मत देण्याआधी एकदा खरं बोला: विमा एजंट दाराबाहेर का थांबला होता, ते आठवतंय, की मालाच्या विम्यापाशीच तुम्ही सुई उचलली होती?