कासवाची टाकी आणि पैलवानाची दाढ

दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे पेशंट भरपूर यायचे, पण आतून ड्रिलचा आवाज आला की निम्मे पसार व्हायचे. "बाहेर काहीतरी मन रमवणारं ठेव," नवरा म्हणाला. मग परदेशी निघालेल्या भाच्याचं कासव बाहेरच्या खोलीत, काचेच्या वाडग्यात येऊन बसलं.

कासव खाईना की हलेना. बाईंनी प्राण्यांच्या डॉक्टरांना बोलावलं.

"याला पाळलंय की कोंडलंय?" ते म्हणाले. "ऐसपैस टाकी आणा. पोहता येईल इतकं पाणी, अंग शेकायला कोरडा दगड, वर उबेचा दिवा, पाण्यात फिल्टर. आणि टाकीच्या तोंडावर जाळी हवीच. ही मंडळी दिसतात तेवढी संथ नसतात."

नवऱ्याने अख्खा रविवार घालवून टाकी उभी केली. फिल्टर मात्र हुबेहूब ड्रिलसारखा घरघरायचा. सोमवारी बाई पोचायच्या आतच खोली रिकामी! मग फिल्टर खोल पाण्यात बसवला आणि त्याला जागा करायला दगड कडेला सरकवला. जाळी तेवढी संध्याकाळी यायची होती.

दुपारी मदतनीस मावशी किंचाळली, "बाई, टाकीत नुसता दगडच आहे हो!"

सुजलेले गाल एका हाताने धरून पेशंट गुडघ्यांवर रांगायला लागले. त्यात पैलवानही होता. गोदामात पोती उचलणारा हा धिप्पाड गडी इंजेक्शन दिसलं की लटपटायचा. चपलांच्या स्टँडखाली कासव त्यालाच सापडलं.

"कडेच्या दगडावरूनच चढून निसटलंय. तो मधे घेईपर्यंत धरून ठेवा," बाई म्हणाल्या. "इथं गर्दीत कोणाचा तरी पाय पडेल. आत या."

आत बसायला खुर्ची एकच होती. पैलवान कासव सांभाळत टेकला आणि बाईंनी हळूच बटण दाबून खुर्ची मागे कलती केली.

"अहो बाई, हे काय?"

"काही नाही. आ करा."

पैलवानाने तोंड गच्च मिटलं. पळावं तर हातात कासव, आणि ते टाकवेना. "मुका जीव आहे हो," तो ओठ न उघडताच पुटपुटला.

मुक्या जीवाला समोरचा अंगठा खाऊ वाटला असावा. त्याने कचकन चावा घेतला.

"आई गं!" पैलवानाने असा काही जबडा वासला की दाढेशेजारी इंजेक्शन कधी गेलं हे त्याला कळलंच नाही. मावशीने कासव सोडवून टाकीत नेलं.

थोड्या वेळाने बाईंनी उपटलेली दाढ चिमट्यात धरून त्याच्यापुढे नाचवली. "बघा! कळलं तरी का?"

पैलवानाने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो अंगठ्यावर फुंकर घालत होता.

"दाढेचं मरू द्या हो बाई," तो बधिर तोंडाने कळवळला. "आधी इथं पट्टी बांधा. आणि ठणका थांबायला एखादं इंजेक्शन असेल, तर तेही देऊन टाका!"