लोटनआप्पाची सव्वा मूठ

लोटनआप्पाला कुणी रामराम घातला की तो हात जोडत नाही. स्वतःच्या छातीवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "रामले ऱ्हाऊ दे, मी शे ना. बोल!"

नवखा माणूस गोंधळतो. पण आप्पा त्याला नीट गोंधळूही देत नाही. पुढचा प्रश्न तयारच असतो. "माले एक सांग. देव नही माननारा मानूस पंतप्रधान म्हनीसन चाली का?"

लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत, विसरवाडीला भज्यांच्या गाडीवर, कुणाच्या अंत्ययात्रेत तिरडीमागून चालताना, कुठेही. समोरचा "नाही" म्हणाला की आप्पा विचारतो, "का?" आणि "हो" म्हणाला की जास्त संशयाने विचारतो, "का?"

आणि धंदा काय करतो हा माणूस? मंडपवाला! गणपती, नवरात्र, दर्ग्याचा उरूस, नवापूरकडच्या डोंगरात नाताळ, सगळीकडे बांबू याचे, कापड याचं, खुर्च्या याच्या. देवांवर काडीचा विश्वास नाही, पण त्यांच्या तारखा पुजाऱ्याआधी याला पाठ. मी एकदा चिडून म्हणालो, "देव नाही, तर मंडप कुणासाठी बांधतोस रे?"

"मान्सेससाठे. देवले ऊन लागस का?"

मी मिरचीचा व्यापारी. आठवडे बाजारात गोणपाटावर बसून सुरुवात केली. आज नंदुरबारला माझी स्वतःची पथारी आहे, म्हणजे मिरची वाळवायचं मोठं मैदान. मिरचीचा देठ मोडून वास घेतला की मी मालाचा भाव सांगतो, आणि विकणाऱ्याचा चेहरा पाहिला की त्यातून किती उतरेल तेही सांगतो. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवा, लोटनआप्पाइतका वाईट सौदा करणारा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही. माझा त्याच्यावर राग आहे. का आहे, ते ऐका.

आप्पा रिकामा असला की माझ्या पथारीवर येऊन बसतो. देठ खुडणाऱ्या बायांनाही त्याने तोच प्रश्न विचारला. नवापूरकडची मार्थाबाई हातातली मिरची न सोडता म्हणाली, "आधी त्या पंतप्रधानाला एक मोठा ताप येऊ द्या. मग बघू मानतो की नाही."

मंडपाची कापडं शिवणारा रज्जाकचाचा बाजूला चहा पीत होता. तो म्हणाला, "आप्पा, हमारेवाले को ना माने, चलेगा. आपवाले को ना माने, वो भी चलेगा. लेकिन किसी एक का तो हो! नहीं तो लोग झगड़ेंगे किस बात पे?"

बाया हसल्या. आप्पा नाही हसला. तो उठून उभा राहिला आणि पंतप्रधानाने घ्यायची शपथ म्हणायला लागला. ईश्वरसाक्ष शब्द वगळून, गांभीर्यपूर्वक. त्याला ती तोंडपाठ आहे. समोर पसरलेल्या लाल मिरचीकडे पाहत, उजवा हात वर करून, सगळ्या देशाची जबाबदारी त्याने माझ्या पथारीवर घेतली. तेवढ्यात त्याला ठसका लागला.

माझं डोकं फिरलं. "देश राहू दे बाजूला!" मी ओरडलो. "आपल्या गावात सरपंच होऊन दाखव आधी! एवढ्याशा गावाने घेतलं तर मग दिल्लीचं बोल!"

रागात बोललो. पण आप्पा चमकला. "शेठ, तू मन्हासंगे ऱ्हाशी का?"

आता मीही आप्पाच्याच गावचा, रनाळ्याच्या बाजूचा. शब्द टाकला होता. म्हटलं, राहीन.

आणि खरं सांगतो, मजा आली! मिरचीचा धंदा विसरून मी गावात तळ ठोकला. आप्पाला गाव ओळखत होतं. कुणाच्या पोरीचं लग्न असो, मांडव आधी पडायचा, पैशाचं नंतर. पाणी, गटार, शाळेचं छप्पर, सगळं तो मुद्देसूद बोलायचा. लोक माना डोलवायचे. फक्त शेवटी कुणीतरी म्हणायचंच, "आप्पा, तुम्ही चांगले शेतस. पन मारुतीले एक नारय फोडी टाका ना!"

त्यात निवडणूक चिन्हांचं वाटप झालं. आप्पाला कोणतं चिन्ह मिळालं? नारळ!

मी आनंदाने नाचलो. विरोधक नाचले माझ्याहून जास्त. "नारळाला मत मागतो, पण फोडत नाही!" गावभर हेच. मी मारुतीच्या पारासमोर सभा लावली, वाजंत्री आणली आणि सगळ्यांसमोर आप्पाच्या हातात नारळ दिला. म्हटलं, आता कुठे जाशील? आप्पाने नारळ उलटसुलट पाहिला. मंडपाच्या खुंटीवर आपटून फोडला, पाणी पिऊन टाकलं आणि खोबरं पोरांना वाटलं.

"फोडा म्हने ना? फुटना!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना मत नसतं.

तरीही सामना बरोबरीत होता. अडलं होतं ते आप्पाच्याच भाऊबंदकीवर. त्याचा थोरला भाऊ आनंदा म्हणेल तिकडे ती सगळी गल्ली जायची, आणि आनंदा आप्पाशी बोलत नव्हता. आई गेली तेव्हा आप्पाने डोकं भादरायला नकार दिला होता. आनंदा स्मशानातच म्हणाला होता, "तू आमना नही." तेव्हापासून एका गावात दोन घरं, मध्ये शब्द नाही.

एकच चमत्कारिक गोष्ट मी पाहिली होती. श्रावणात आमच्याकडे खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते. आनंदाच्या दारात त्या दिवशी मांडव लागतो, आणि तो आप्पा स्वतः बांधतो. कामाला माणसं असताना, कुणी न बोलावता. दोऱ्या आवळून झाल्या की खांबाला टेकून उभा राहतो. आतून प्रसादाचे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड भाकरी, भाजल्याचा वास आला की निघून जातो. मी विचारलं होतं. म्हणाला, "वारा शे ना. खांब ढिला व्हस."

त्या वर्षी कानबाई नेमकी प्रचारात आली. मी आनंदाकडे गेलो. दोन तास भांडलो, चहा नाकारला, उठून दारापर्यंत गेलो, परत आलो. मिरचीचा ट्रक विकत घेताना करतो ते सगळं केलं. शेवटी आनंदा उतरला. "त्याले सांग, कानबाईना दिनले पंगतमा बठ. सर्वास्नामोऱ्हे रोट खाय. गल्लीना मते तुमना."

बाहेरच्या वाचकाला सांगतो, हे साधं जेवण नव्हे. रोटाचे गहू घेताना भाऊबंदांतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. ते रोट फक्त त्यांनीच खायचे. परक्याला घासही नाही. ज्याची मूठ, तो घरचा.

मी पळत आप्पाकडे आलो. "जिंकलो! एक घास खायचा, बस!"

आप्पाचा चेहरा क्षणभर असा उजळला, की मला वाटलं सौदा पक्का. मग तो विझला. "मतेससाठे?"

"मग कशासाठी? भुकेसाठी?"

"नही, शेठ. इकेल घास माले नही पची."

विकलेला घास म्हणे! मी हातापाया पडलो, शिव्या दिल्या, त्याच्या खुर्च्यांना लाथ मारली. नाही म्हणजे नाही. त्या दिवशीही तो मांडव बांधून, वास येताच निघून गेला. गल्ली फिरली. आम्ही पडलो. तेही एवढ्याशा फरकाने, की ती एकच गल्ली पुरली असती! माझी मेहनत, माझा शब्द, माझी दोन तासांची घासाघीस, सगळं मातीत. मी त्याच्याशी बोलणं टाकलं. तो पथारीवर यायचा, बसायचा. मी मिरचीशी बोलायचो.

वर्ष गेलं. पुन्हा श्रावण आला. कानबाईच्या दिवशी आप्पा माझ्या दारात उभा. इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल.

"शेठ, चाल मन्हासंगे. आनंदाकडे. पंगतले."

मी वर्षाचं मौन मोडून किंचाळलो. "आता? आता काय उपयोग? निवडणूक संपली!"

"म्हनीसन तं जाई ऱ्हायनू." आणि मग खाली पाहून म्हणाला, "हाकली दिधं तं कोनी तरी संगे पाहिजे."

गेलो. रागारागातच गेलो. मांडव त्याने सकाळीच बांधला होता. आत पंगत बसलेली. आप्पा उंबऱ्यावर थांबला. घास हातात तसेच राहिले. आनंदाने मान वर केली, पाहत राहिला. आनंदाची बायको चुलीपासून उठली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "भाऊ, तुमनी मूठ मी एक साल बी चुकाडी नही. बठा."

आनंदाने सरकून जागा केली. आपल्या सुटलेल्या पोटावर थाप मारली. "तुन्हा वाटाना रोट दरसाल मालेच खाना पडना. हाई पोट दख! हाई तुन्हं शे."

पंगत फुटली हसून. आप्पा बसला. पहिला घास मोडला. गिळला, डोळे पुसले, आणि तरीही, या माणसाला काय म्हणावं, भावाकडे वळून त्याने विचारलंच. "आनंदा, माले एक सांग. देव नही माननारा मानूस पंतप्रधान म्हनीसन चाली का?"

इतक्या वर्षांत हा एकच माणूस विचारायचा राहिला होता.

आनंदाने त्याच्या ताटात आणखी एक रोट टाकला. "पंतप्रधाननं माले काय ठाऊक? भाऊ चालस. खाय गुपचूप."

आप्पाने "का?" विचारलं नाही. तो खात राहिला. मी परका, मला घास मिळणार नव्हता. बाहेर मांडवाच्या खांबाला टेकून मी तो वास घेत उभा होतो. खांब अजिबात ढिला नव्हता.