चार दारांवरचं आजोळ

भोयरमामा गल्लीतली पोरं वजन करून ताब्यात घेत आणि वजन करूनच परत देत. शाळेला सुट्टी लागली की त्यांच्या अंगणातल्या कडुनिंबाला तराजू लटके. कापसाच्या बाजारात तीस वर्षं मापारी म्हणून काढलेला माणूस. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात पोर. "हालू नको बे! कापूस कधी हालते काय?" मग भिंतीवर खडूनं नाव आणि शेर. सुट्टी संपेपर्यंत कुणाचं वजन पावभरही उतरू द्यायचं नाही, हा त्यांचा पण.

वर्ध्यातला आमचा तो पहिला उन्हाळा. मी रत्नागिरीकडचा, सहावीतून शाळा सोडलेला, नशिबानं इथल्या एका कापडदुकानात चिकटलेला. मालकाकडे रजा मागायची छाती नव्हती. वैशाख लागला आणि आमची पाच वर्षांची कुसुम जेवेनाशी झाली. माझी बायको सुमती शांतपणे म्हणाली, "ही आणखी वाळली तर मी तिला घेऊन भावाकडे जाईन. मग मला परत बोलावू नका." ती उगाच बोलणारी बाई नव्हे. दुकानात कापड फाडताना माझा गज चुकू लागला.

कुसुमचा एकच हट्ट, मामाच्या गावाला जायचं. ते मामांच्या कानावर गेलं.

"काऊन रडते पोरगी? मामाचं गाव पाह्यजे? मंग मी काय मेलो?"

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांची बैलबंडी आमच्या दारात. त्यांचं घर आमच्यापासून चौथं. सुमती म्हणाली, "अहो, चार पावलं तर आहेत."

"मामाच्या गावाले कोणी पायी जाते काय, ताई? बसा!"

बसलो. बंडी बाजारातून, रेल्वेच्या फाटकावरून, सेलूच्या रस्त्यानं नाक्यापर्यंत गेली आणि दीड तासानं मामांच्या दारात येऊन थांबली. "आलं मामाचं गाव!"

कुसुम डोळे चोळत म्हणाली, "हे तर आमच्याच गल्लीसारखं आहे."

"सारे गावं सारखेच राह्यते, माय. उतर."

त्या दिवसापासून सुमती त्यांची बहीण झाली आणि मी जवाईबापू. मी पाटावर बसल्याशिवाय मामा कुणाला वाढत नसत. माझ्यासाठी आजवर कुणी पाट मांडला नव्हता.

मामाच्या गावाचे कायदे कडक. सकाळी पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायच्या. ऊन चढलं की सगळी पोरं आत. दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाळीपाळीनं लोट्यानं पाणी मारायचं. बाहेर जायचंच तर ऊन बाधू नये म्हणून खिशात कांदा. मुलींच्या झग्यांना खिसे नसतात हे कळल्यावर मामांनी शिंप्यालाच घरी आणला आणि अकरा झग्यांना कांदा मावेल एवढे खिसे लावून घेतले. "पोट्टीले काय ऊन लागत नाई?"

एकदा कुसुमनं रसाची वाटी ढकलली. मामा आपली वाटी घेऊन तिच्यासमोर मांडी घालून बसले. "तू खाशीन तवा मी खाईन." ती बोलेना, हे हलेनात. पोरं खेळून दमली, झोपली, उठली. शेवटी कुसुमच म्हणाली, "मामा, तुम्हाला भूक लागली असेल," आणि वाटी उचलली.

सुट्टी संपली. कुसुम पारड्यात बसली. गल्ली जमलेली, पण मी तराजूकडे पाहू शकलो नाही.

"पाऊण शेर चढती!" मामा ओरडले.

सुमतीनं पदरानं डोळे टिपले. "मी कुठे जात नाही," एवढंच मला म्हणाली.

मामा घरातून हिरवं लुगडं घेऊन आले. "धर ताई. बहीण माहेरून रिकाम्या हातानं जात नसते."

सुमतीनं ते उलगडलं. मी पडलो कापडवाला. घडीवर रंग उडालेला दिसला आणि तोंडातून निसटलं, "मामा, हे तर बरेच दिवस ठेवलेलं आहे."

सुमतीनं डोळे वटारले. मामांनी लुगड्याचा काठ चिमटीत धरला. मग म्हणाले, "वच्छीसाठी घेतलतं. बहीण माही. देवळीले देली."

देवळी म्हणजे बंडीनं एका सकाळची वाट. आठ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत कापसाची आवक जोरात होती. बहिणीला आणायला भावानं मुराळी म्हणून स्वतः जायचं असतं. मामांनी काटा सोडला नाही, गड्याला बंडी देऊन पाठवलं. तिनं बंडी तशीच परत लावली. "भावाले येळ नाई, तं माहेर कायचं?" तेव्हापासून दर दिवाळीला एक लुगडं पेटीत पडे. मामा बंडी जुंपून देवळीच्या वेशीपर्यंत जात आणि तिथूनच वळत.

सुमतीनं लुगड्याची घडी घातली आणि त्यांच्या हातात परत दिली. "हे वच्छलाताईंचं आहे. उद्या सकाळी निघायचं. मीही येते."

"वच्छी बोलणार नाई मले, ताई."

"नाही बोलल्या तर बसून राहू."

मामा ओट्यावर टेकले. अख्ख्या गल्लीला धाकात ठेवणारा तो आवाज पार खाली आला. "तिनं दार उघडलं... तं मी काय म्हणू व?"

"काही म्हणू नका," सुमती म्हणाली. "उन्हातून गेलेले असाल. पाणी मागा."