काकूंचा गुडघा आणि सैंदाणे सर

सैंदाणे सर दुकानात शिरले की मी आधी गिऱ्हाइकांकडे बघतो आणि मग देवाच्या फोटोकडे. जळगावात माझं बादल्या-चटयांचं दुकान आहे. सर बादली उचलतात, नखानं खरवडतात, कान लावून टिचक्या मारतात आणि चारचौघांत निकाल देतात, "भाऊ, ही आपल्या उन्हात टिकायची नाही. साखळ्या तुटल्यात हिच्या!" साखळ्या म्हणजे प्लास्टिकच्या आतल्या रेणूंच्या. त्या कशा गुंफलेल्या असतात, यावर संशोधन करण्यात सरांनी कॉलेजात उभी हयात घालवली. गिऱ्हाईक बिचारं बादलीत साखळी शोधतं आणि रिकाम्या हातानं निघून जातं.

लग्नाच्या पंगतीत बसले तर आधी चटई ताणून बघणार. धुळ्याला साडूच्या वास्तुशांतीला गेले आणि गच्चीवरची पाण्याची टाकी बघायला चढले, ते आरती झाली तरी खाली येईनात. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, माहेरच्या धरणगावच्या. "यास्ले माणूस दिखत नही, नुसतं प्लास्टिक दिखस," असं त्या आपल्या अहिराणीत सगळ्यांना सांगायच्या.

पुढे काकूंचा गुडघा पार गेला. डॉक्टर म्हणाले, सांधा बदलू, आत प्लास्टिकची चकती बसवू. झालं! "कोणतं पॉलिमर? रचना कशी?" सरांनी इतकं पिडलं की डॉक्टरांनी नमुन्याची चकतीच त्यांच्या हातात ठेवली. सरांनी ती कॉलेजच्या प्रयोगशाळेत तपासून आणली. "अप्रतिम! अशी रचना रोज बघायला मिळत नाही." तरीही ऑपरेशनची तारीख पुढेच ढकलत राहिले. इकडे काकू भिंत धरून चालत होत्या. माझं डोकं फिरलं. घरी जाऊन म्हणालो, "सर, आता चकतीची पत्रिका जुळवायची राहिलीय का?"

सर हसले नाहीत. काकू आतल्या खोलीत आहेत हे बघून हळूच म्हणाले, "चकतीचं काही नाही हो. मला भुलीची भीती वाटते. ती उठलीच नाही तर मी काय करू?"

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ते म्हणाले, "पूर्ण भूल देणारच नाही. कमरेखाली बधिर करू. काकू जाग्या असतील."

"मग हे आधी का नाही सांगितलं?" सर फोनवर ओरडले.

"सर, तुम्ही चकतीपलीकडे काही विचारलंत का?" डॉक्टर म्हणाले.

आतून काकूंचा आवाज आला, "मंग आते तरी दवाखानामा लई जातस का माले?"

ऑपरेशन छान झालं. काकूंना बाहेर आणलं तेव्हा सर दाराशीच उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. "सांगा आते, काय बसाडं मना गुडघामा? बठ्ठं सांगा, काही सोडू नका. आज मी ऐकस."

"ती चकती..." एवढं म्हणून सर थांबले. काकूंचा हात धरून ते तिथेच, सगळ्यांदेखत, ओक्साबोक्शी रडायला लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या. "घर जाईसन सांगा."