अंबूबाई काढणे

"फौजेत बावीस वर्षं लेखी हुकमावर काढली. तोंडी बोललं की घोटाळा झालाच," असं निवृत्त सुभेदार लालासाहेब अख्ख्या गावाला ऐकवत. त्या दिवशी तर त्यांनी दोन हुकूम सोडले.

झालं होतं असं. वादळानं इस्लामपूरकडच्या त्या गावाचे पत्रे उडवले, भिंती सोलल्या आणि लालासाहेबांच्या दारात अख्खा कडुलिंब आडवा टाकला. झाड काही हलेना म्हणून त्यांची बायको अंबूबाई रुसून शिरवळला भावाकडे गेल्या. "झाड तितंच दिसलं तर उलट्या गाडीनं परत जाईन," असं फोनवर बजावून त्या आज पाचच्या एसटीनं यायच्या होत्या. तीन आठवडे स्वतःच्या हातचं पिठलं खाऊन लालासाहेब रडकुंडीला आले होते. त्यांना बायको हवी होती, आणि आजच.

म्हणून त्यांनी गुंडा नावाच्या जेसीबीवाल्याला चिठ्ठी लिहिली, "दारातला लिंब काढणे. मुळासकट. पाचच्या आत." पडझड झालेल्या भिंती रंगवायला सांगलीहून सोनम नावाची चित्रकार पोरगी आली होती. बायको खूश व्हावी म्हणून तिला लिहिलं, "अंबूबाई काढणे. फोटो सोबत. पाचच्या आत." दोन्ही पाकिटांवर नुसतंच 'गोपनीय' लिहून त्यांनी ती धाडून दिली आणि दाढी करायला इस्लामपूर गाठलं. पाकिटांची अदलाबदल झाली होती.

गुंडानं चिठ्ठी तीनदा वाचली, फोटो निरखला आणि जेसीबी फाट्यावर नेऊन उभा केला.

"काकी, वाईच थांबा," अंबूबाई उतरताच तो खाली बघत म्हणाला. "तुमास्नी काढायचं हाय."

"कुटनं?"

"गावातनंच आसंल. सुभेदारांचा लेखी हुकूम हाय."

अंबूबाईंनी चिठ्ठीवरचं नवऱ्याचं अक्षर ओळखलं. "आन् दारातलं झाड?"

"त्ये काय लिवल्यालं न्हाई."

गाडी वळत होती. अंबूबाई परत आत जाऊन बसल्या. तेवढ्यात गुळगुळीत दाढी केलेले लालासाहेब धापा टाकत पोचले आणि गुंडाच्या हातातली चिठ्ठी बघून ओरडले.

"अगं, काढायची म्हंजी भितीवर काढायची!"

"झाड दारात आन् मी भितीवर व्हय? ऱ्हावा तसंच," खिडकीतून उत्तर आलं, आणि गाडी गेली.

लालासाहेब पाय ओढत घरी आले. दारात कडुलिंब होताच. भिंतीवर दुसरा होता, मुळासकट, अगदी हुबेहूब.

"काका, मुळं कशी जमलीत?" सोनमनं हौसेनं विचारलं. "अजून काय काढू?"

लालासाहेब मटकन पायरीवर बसले. "उद्याच्या पैल्या गाडीचं तिकीट काढ, बाय. शिरवळचं."

सोनमनं मान डोलावली आणि ब्रश पिवळ्या रंगात बुडवला.